पूर्णांकयुक्त अपूर्णांक: आधी रूपांतर करायचं की भाग वेगळे ठेवायचे?

मुलाला शिकवताना किंवा परीक्षेची तयारी करताना हा प्रश्न पडतोच, आणि बरेचजण सरसकट सगळं अंशाधिक (अंश छेदापेक्षा मोठा असलेला अपूर्णांक) करून टाकतात. चालतं, पण बेरजेत ते उगाच महाग पडतं असं माझं मत.

१२ ३/४ + ७ ५/६ घ्या. रूपांतर केलं तर ५१/४ + ४७/६, मग समच्छेद करून १५३/१२ + ९४/१२ = २४७/१२, आणि आता २४७ ला १२ ने भागत बसा. वेगळं ठेवलं तर १२ + ७ = १९, अपूर्णांकांचे ९/१२ + १०/१२ = १९/१२ म्हणजे १ ७/१२, झालं, २० ७/१२. आकडे छोटे राहतात त्यामुळे चुका कमी होतात, आणि उत्तर २० च्या आसपास येणार हे आधीच दिसतं.

वजाबाकीत मात्र जपून. ५ १/४ − २ २/३ मध्ये ३/१२ मधून ८/१२ जात नाहीत, मग मुलं सरळ उलटं करतात, ८ मधून ३ वजा, आणि ३ ५/१२ लिहून मोकळी होतात. खरं तर ५ मधला १ सुट्टा करायचा, म्हणजे १२/१२, तो ३/१२ मध्ये मिळवला की ४ १५/१२, त्यातून २ ८/१२ गेले की २ ७/१२. हातचा नीट समजलेला नसेल तर इथे रूपांतरच बरं, ६३/१२ − ३२/१२ = ३१/१२, गोंधळच नाही.

गुणाकारात तर प्रश्नच नको, रूपांतरच करा. २ १/२ × ३ १/३ चं उत्तर ६ १/६ लिहिलेलं मी खूप वह्यांमध्ये बघितलंय, आणि दरवेळी वाईट वाटतं कारण मुलाने विचार केलेला असतो, फक्त अर्धाच. अहो अडीच गुणिले तीनच साडेसात होतात, मग सहा कसे येतील? २ × १/३ आणि १/२ × ३ हे दोन तुकडे राहूनच गेले ना. ५/२ × १०/३ = २५/३ = ८ १/३. एका बाजूला नुसता पूर्णांक असेल तर मात्र भाग वेगळे ठेवणंच सोपं, ८ × १५ १/४ म्हणजे १२० + २ = १२२, तोंडीच.

भागाकाराला रूपांतर करून दुसऱ्याचा व्यस्त (अंश-छेद उलटे) घ्यायचा आणि गुणायचं, ७ १/२ ÷ १ १/४ म्हणजे १५/२ × ४/५ = ६. फक्त काटाकाटी व्यस्त घेतल्यावरच करायची, आधी नाही.