गोदरेजचा आर-२९० एसी: मशीन उत्तम, माणूस आधी शोधा

माझा शिवणवर्ग जळगावात, वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. तिथे गोदरेजचा दीड टनी आर-२९० स्प्लिट एसी आहे, बरेच उन्हाळे झाले. भर दुपारी, दोन इस्त्र्या तापलेल्या असतानाही २६वर खोली गार राहते. तक्रार नाही.

सगळे विचारतात ते गॅसचं. आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या मिश्रणातही असतो तो. "घरात बॉम्ब आणलास," इति सासूबाई. पण जुन्या एसीच्या निम्म्याहून कमी गॅस लागतो. बसवणाऱ्याने आधी टेपने खोली मोजली, कारण किती गॅस चालेल ते खोलीच्या आकारावर ठरतं. मग गळती नाही ना, हे बघायला नायट्रोजनचं प्रेशर देऊन प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला.

एवढा खटाटोप करून प्रोपेनच कशासाठी? जुन्या एसीतल्या आर-२२ गॅसचा एक किलो हवेत गेला की १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडते, शिवाय ओझोनला भोक. नंतरचा आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णतेत २०००च्या वर. आर-३२चा हाच आकडा ६७५, प्रोपेनचा पाचाच्याही आत. ओझोनसाठी १९८७चा माँट्रियल करार झाला, त्यालाच २०१६मध्ये रवांडातल्या किगालीत आर-४१०ए, आर-३२सारख्या तापवणाऱ्या गॅसांची कपात जोडली. भारताला २०४७पर्यंत ८५ टक्के कपात करायचीय. आणि हा एसी बनवायची लाइन किगालीच्याही आधी, २०१२मध्ये, आपल्या शिरवळला सुरू झाली, जर्मन सरकारच्या मदतीने. हवामान परिषदांतल्या भाषणांचा मला कंटाळा आहे, पण हे काम मला पटलं.

गाडी अडते मेकॅनिकपाशी. सर्व्हिसिंगला आलेला एक जण म्हणाला, "ताई, हा काढून साधा गॅस भरून देतो, कटकटच नको." वर गॅस रिकामा न करताच नळीला टॉर्च लावायला निघाला! चहा पाजून वाटेला लावला. शिकलेला माणूस शेवटी भुसावळचा मिळाला. पिशवीतून गळती शोधायचं यंत्र काढलं तेव्हा जिवात जीव आला. माँट्रियल कराराच्या निधीतून मेकॅनिकांना ट्रेनिंग देतात म्हणे. ते तालुक्यापर्यंत येऊ द्या की.

तेव्हा दुकानात किंमत विचारण्याआधी विचारा, आर-२९०चं काम शिकलेला माणूस गावात कोण आहे. नाव-नंबर मिळाला तर बिनधास्त घ्या. नाही मिळाला तर आर-३२ घ्या, आणि पैसे वाचलेच तर स्लॅबवर पांढरा रंग मारून घ्या.