‘लेकरासाठी माझ्याकडून तूच काहीतरी घे’ : नंतर पैसे, आधी पैसे, पार्सल, सराफा की पोस्ट?

मामा चाकणला, काका नाशिकला आणि आत्या लातूरला असली की वाढदिवस, बोरन्हाण, दिवाळी जवळ आल्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरी त्या एका वाक्याने आई-बापाच्या अंगावर चार कामं पडतात: काय घ्यायचं ते ठरवा, बाजारात जा, आधी आपले पैसे घाला आणि वर लेकराला ‘हे मामाने दिलं बरं का’ म्हणून सांगा. ही कामं बहुतेक घरांत एकटी आईच करते, हेही बोलून टाकलेलं बरं.

खालचे पर्याय बघताना दोन गोष्टी तपासा. आधी कोणाचा खिसा रिकामा होतो? आणि वस्तू निवडताना त्या नातेवाइकाचं डोकं लागतं का? दोन्ही तुमच्याच माथी असतील तर खर्च तुमचा आणि नाव तेवढं मामाचं.

नंतर देतो की आधी टाकतो

‘नंतर’ मध्ये सगळ्यात जास्त बिघडतं, कारण फोनवर रक्कम ठरलेलीच नसते. त्याच्या मनात पाचशे असतात, तुम्ही नऊशेचं दप्तर घेता. मग उरलेले चारशे मागायची लाज वाटते आणि मूळचे पाचशेही राहून जातात. दिवाळीला असे तिघं निघाले तर घरचं बजेट कोलमडतं. पुढे त्याच्या लेकराच्या वाढदिवसाला किती द्यायचं, हाही घोळ होतो. आपल्याकडे आहेर तोलामोलाने परत जातो, पण त्याने नक्की किती दिले तेच माहीत नसतं.

उपाय त्याच फोनवर करायचा: ‘दादा, पाचशेपर्यंत बघू की हजारपर्यंत?’ आकडा आला की क्यूआर पाठवा. पैसे टाकताना शेऱ्यात लेकराचं नाव आणि कारण लिहायला सांगा, म्हणजे सहा महिन्यांनी खातं बघितलं तरी कळतं. लातूरच्या गंजगोलाईत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर दुकानात उभं राहून दोन वस्तूंचे फोटो किमतीसकट पाठवा आणि एक त्याला निवडू द्या. यात दोन मिनिटं जातात, पण भेट खरोखर त्याची होते. नाहीतर लेकरू फोनवर ‘मामा, थँक्यू’ म्हणतं आणि मामा विचारतो, ‘काय घेतलं रे मी?’

आधी आलेल्या पैशाचा धोका वेगळा आहे. ते घरखर्चाच्या खात्यात मिसळतात आणि गॅस सिलिंडरला जातात. त्याच दिवशी तेवढी रोकड काढून नावाच्या पाकिटात ठेवा, किंवा लेकराच्या नावाने बचत खातं असेल तर तिकडे वळवा.

सोयाबीन-कापसावर जगणाऱ्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या नातेवाइकाचं ‘नंतर’ मात्र खरं असतं. माल विकल्यावर, पट्टा पडल्यावर (कारखान्याचा हंगाम संपल्यावर) तो देतोच. तिथे तुमचे पैसे घालून वस्तू आणू नका, भेटच पुढे ढकला. ‘काका कारखान्यावरून आले की तुला सायकल’ हे लेकराला समजतं.

थेट घरी पार्सल

नोकरदार, फोन सराईतपणे वापरणाऱ्या मामा-मावशीसाठी हा पर्याय आम्ही सगळ्यात वर ठेवतो, कारण पैसे त्यांचे आणि निवडही त्यांची. पण तयारी तुम्हालाच करून द्यावी लागते. ‘काहीतरी पाठवा’ न म्हणता तीन वस्तू, मापं आणि अंदाजे किंमत लिहून पाठवा. कपड्याला वयाचा आकडा सांगू नका, उंची सेंटिमीटरमध्ये सांगा. ‘५ ते ६ वर्षे’ हे माप प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. बुटाला पाऊल कागदावर ठेवून टाच ते अंगठा मोजा.

बिघडतं ते इथे. ऑर्डर चुकून ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ राहते आणि दारात पैसे तुम्हीच भरता, म्हणजे फिरून पहिल्याच पर्यायावर येता. ओटीपी ऑर्डर करणाऱ्याच्या फोनवर जातो आणि तो शिफ्टला असतो, म्हणून ऑर्डर करताना संपर्काला तुमचा नंबर टाकायला सांगा. परत करायचं असेल तर ते त्याच्याच ॲपवरून होतं आणि पैसेही त्यालाच परत जातात. वस्तू आली की लगेच उघडून बघा, कारण परतीची मुदत थोडी असते. वाडी-तांड्यावर पार्सल येत नसेल तर तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या, पण पिनकोड त्या दुकानाचाच.

खेळणं असेल तर त्यावर आयएसआय खूण हवी. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. बटण सेलचं खेळणं असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना, हे बघा. नुसत्या खटक्याचं झाकण लेकरू उघडतं, आणि गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो.

महाग वस्तूला वर्गणी करा. तिघांची तीन खेळणी येण्यापेक्षा एक सायकल बरी. साधारण ४ ते ६ वर्षांना १६ इंची आणि ६ ते ९ वर्षांना २० इंची चाक चालतं, पण खरं माप पायाचं: सीटवर बसून पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ही वस्तू मात्र गावातल्याच दुकानातून घ्या, पार्सलने आलेली जोडून द्यायला मिस्तरी वेगळे पैसे घेतो. (सीट मामाची, घंटी आत्याची अशी वाटणी लेकरं आपणच करतात.)

सराफाकडे जायचं तर

बारसं आणि जावळाला मामाकडून चांदीचे वाळे, करदोडा, नाहीतर सोन्याची बाळी अपेक्षित असते आणि तोही ‘तुमच्या ओळखीच्या सराफाकडून घ्या’ म्हणतो. इथे तुमचे पैसे आधी घालणं सगळ्यात वाईट. भाव रोज बदलतो. त्याने ‘दोन ग्रॅम’ सांगितले आणि तुम्ही आठ दिवसांनी गेलात तर वरचा फरक कोणी भरायचा? म्हणून वजन ठरवू नका, रक्कम ठरवा: ‘एवढ्यात बसेल तेवढं.’ घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी त्याच रकमेत धरा.

हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि लेकराच्या बाळ्या-अंगठ्या बहुधा त्यातच बसतात. मग बिलच कामाला येतं: वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या, बिलाचा फोटो मामाला पाठवा, मूळ बिल दागिन्यासोबत ठेवा. चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे, तरी तो मागून घ्यावा.

पोस्ट

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल आणि नातेवाईक ‘खेळणी मोडतात, काहीतरी कामाचं घ्या’ म्हणणारे असतील तर सुकन्या समृद्धी, ही मुलींसाठीची बचत योजना. खातं पालकच उघडतात, वर्षाला किमान २५० आणि सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त दीड लाख रुपये. एखाद्या वर्षी किमान रक्कम राहिली तर ५० रुपये दंड. त्यांनी दिलेले पैसे तुम्ही भरायचे आणि पासबुकातल्या नोंदीचा फोटो पाठवायचा. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पुरी होते; शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम मुलगी १८ वर्षांची किंवा दहावी पास झाल्यावर काढता येते. म्हणजे अडीनडीला हा पैसा हाताशी नसतो.

मुलासाठी पोस्टाचं टीडी (मुदत ठेव), किमान हजार रुपये, १, २, ३ किंवा ५ वर्षांचं. एका वेळच्या भेटीला आरडी (दरमहा हप्त्याची ठेव) उघडू नका: ६० महिने हप्ता भरत राहावा लागतो आणि तो शेवटी तुमच्याच गळ्यात पडतो. कराची भीती नको. मामा, काका, आत्या, मावशी, आजी-आजोबांच्या भेटीवर आयकर नाही. टीडीचं व्याज मात्र आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

पाच वर्षांच्या लेकराला पासबुक दाखवून काही होत नाही. हजारातले नऊशे पोस्टात घाला आणि शंभराचा चेंडू हातात द्या.

कोणाला काय म्हणायचं

आजी-आजोबांना क्यूआर, लिंक यांत ओढू नका. आजी पदराची गाठ सोडून दोनशे रुपये देते, तेव्हा तिला आठवडी बाजारात सोबत न्या. गुडघे चालू देत नसतील तर वस्तू आधी तिच्याकडे आणा आणि तिच्याच हाताने देऊ द्या. दोनशेत तुमचे तीनशे घालून मोठी वस्तू आणली तर पुढच्या वेळी ती संकोचते.

बाकीच्यांशी बोलायचं ते ज्याच्या रक्ताचं नातं त्याने. नणंदेला सुनेने ‘ताई, आधी पैसे टाका’ म्हटलं की गोष्ट भलतीकडे जाते; तेच भावाने ‘अक्का, पाचशे टाक, उद्या बाजारात जातोय’ म्हटलं की चालून जातं. मामाशी आईने बोलावं.

आधीचे पैसे अडकले असतील तर बिलाच्या फोटोसोबत एकदाच आठवण द्या. तरी आले नाहीत तर ती रक्कम सोडा, आणि पुढचा फोन आला की एवढंच म्हणा: ‘या वेळी राहू दे, दिवाळीला याल तेव्हा तुम्हीच लेकराला दुकानात घेऊन जा.’