नोटिशीतला सहावा मजला

चोवीस हजार रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला नको.

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, राहायला कांजुरमार्गला. लेक झाली तेव्हा विशाखा नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर आलं 'ते'. घरातली गाडी तेजल-तेजस्विनीच्या पुढे सरकेना. त्या वैतागातून दोन वर्षांनी भाच्याच्या मदतीने एक वेबसाइट काढली. आईबापांनी अक्षर टाकायचं, नाव किती अक्षरी हवं, अर्थ कसा हवा ते सांगायचं. मागे एआय मॉडेल बसलेलं, आणि त्याच्या हाताशी मी बनवलेली साधारण ४,००० नावांची यादी. मॉडेल यादीतली नावं देतं, आणि लहर आली की दोन नावांची सांगड घालून तिसरंच घडवतं. अर्थही स्वतःच ठोकून देतं. पहिल्या महिन्यात निम्म्या नावांचा अर्थ 'पहाटेचा किरण' होता! पन्नास नावांची पीडीएफ ४९ रुपयांना. पुढे लोकांनी मागितलं म्हणून 'धंद्याचं नाव' असाही भाग जोडला. महिन्याला तीन-चार हजार सुटायचे, लेकीच्या पाळणाघराला हातभार लागायचा.

मेल आला तो मंगळवारी सकाळी. लेडीज डब्यात घाटकोपर-कुर्ल्याच्या मधे, एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल. फोर्टमधल्या एका वकिली फर्मच्या नावाने इंग्रजी नोटीस. त्यांच्या अशिलाचा बाळांच्या नावांचा 'नोंदणीकृत नामसंग्रह' आहे, त्यातली ११ नावं तुमच्या साइटने जशीच्या तशी दिली, हे कॉपीराइटचं उल्लंघन आहे. सोबत अकरा स्क्रीनशॉट आणि नोंदणीचं प्रमाणपत्र. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. मागणी साडेतीन लाखांची, मुदत ४८ तासांची.

ऑफिसात पोचल्यावर कलम ६३ शोधलं. शब्दन् शब्द बरोबर होता. तिथेच मी अर्धी ढासळले. खोट्या कागदात एक खरी ओळ असली की बाकीचा कागदही खरा वाटतो.

उरलेली अर्धी ढासळले ते माझ्या स्वतःच्या कर्मामुळे. हे लिहायला लाज वाटते, पण ते वगळलं तर या लिहिण्याला अर्थ नाही. माझ्या ४,००० नावांपैकी बरीच नावं आईच्या ट्रंकेतल्या एका जुन्या पुस्तिकेतली. दादर स्टेशनबाहेर घेतलेली, कव्हर फाटलेली, लेखकाचं नावही गेलेलं. नुसती नावंच नाही, अर्थही मी जवळजवळ तसेच टाइप केले होते. म्हणजे चोराच्या मनात चांदणं. नोटीस वाचताना मला वाटलं, त्या पुस्तिकेच्या मालकानेच शेवटी मला गाठलं. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. नवऱ्याला नाही, भाच्याला नाही. मामेबहीण मुलुंडच्या कोर्टात वकिली करते, तिलाही नाही. विचारलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, यादी कुठून आणलीस?

नोटिशीतल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा गृहस्थ इतका मऊ बोलला की काय सांगू. "मॅडम, मीही मराठी माणूस आहे. अशील दिल्लीचे आहेत, ऐकत नाहीत. पण तुम्ही नोकरदार, लहान मूल आहे, मी मध्ये पडतो." (लहान मूल आहे हे साइटवरच्या 'आमच्याविषयी'मध्ये मीच लिहिलेलं होतं, फोटोसकट.) अर्ध्या तासाने त्याचाच फोन, साडेतीन लाखांचे चोवीस हजार झाले. मला चक्क त्याचे उपकार वाटले. बुधवारी दुपारी डबा खाता खाता यूपीआयने पैसे पाठवले. खातं फर्मचं नव्हतं, कुणा एका माणसाच्या नावाचं होतं. मी, जी दिवसभर इतरांच्या व्हेंडर पेमेंटमधल्या नावांची स्पेलिंगं तपासते, तिने हे पाहिलं आणि सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात दुसरा मेल. तडजोड मागच्या वापरापुरती होती, पुढच्या वापरासाठी वार्षिक परवाना घ्या. ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,४८०. बरोबर 'पुराव्यांची' एक झिप फाइल. ती मी उघडली नाही, पण शहाणपणामुळे नव्हे, मोबाइलवर उघडेना म्हणून. अशा फाइलींतून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात, हे नंतर भाच्याने सांगितलं.

पण पावतीवर जीएसटी नंबर होता, आणि इथे गाठ माझ्याशी होती. नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पावतीवर पत्ता फोर्टचा आणि सुरुवात ०७, म्हणजे दिल्ली. ठीक, अशील दिल्लीचे म्हणू. पण नंबर पंधरा अक्षरी असतो, हा चौदा. तीनदा बोट ठेवून मोजला.

शनिवारी सीएसएमटीला उतरून त्या पत्त्यावर चालत गेले. इमारत होती. चार मजली. नोटिशीत ऑफिस सहाव्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो हसला, म्हणाला, "सहावा मजला विचारत आलेल्या तुम्ही तिसऱ्या."

त्या रात्री मामेबहिणीला फोन केला. सगळं सांगितलं, पुस्तिकेसकट. ती आधी गप्प, मग म्हणाली, "अगं ताई, नावाला कॉपीराइट कुठला? त्या अकरात 'शमिका' आहे, आपल्या शाळेत दोन होत्या." एखादं नाव किंवा चार शब्दांचं शीर्षक म्हणजे 'साहित्यकृती' होत नाही. २०१५ मध्ये 'देसी बॉईज' चित्रपटाच्या शीर्षकावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तेव्हाही शीर्षकावर कॉपीराइट नसतो असंच न्यायालयाने सांगितलं. यादीचं मात्र वेगळं. निवड आणि मांडणीत कुणी स्वतःचं डोकं वापरलं असेल, तर संकलनाला संरक्षण मिळू शकतं. अर्थांची वाक्यं ज्याने लिहिली त्याची. "म्हणजे तुझी भीती अगदीच खोटी नव्हती," ती म्हणाली, "पण ती या लोकांच्या कामाची होती, कायद्याच्या नाही."

मग तिने प्रमाणपत्र पाहिलं. शिक्का 'कॉपीराइट कार्यालय, मुंबई'. मुंबईत अँटॉप हिलला ट्रेडमार्कची रजिस्ट्री आहे, कॉपीराइटचं कार्यालय दिल्लीत द्वारकेला. शिवाय कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नसते. लिहिल्याक्षणी तो लागू होतो, त्यामुळे 'नोंदणीकृत आहे' म्हणून कुणी दरडावलं तर घाबरायचं कारण नाही, आणि 'नोंदणी नाही' म्हणून निर्धास्त राहायचंही नाही. साहित्यकृतीची नोंदणी ५०० रुपयांत होते. बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली उलट दावाही लावता येतो. "पण समन्स कुठे पाठवणार? सहाव्या मजल्यावर?"

ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त चिडले ती भाच्याने सर्व्हरच्या नोंदी काढल्यावर कळली. नोटिशीच्या आदल्या रात्री एकाच ठिकाणाहून कुणीतरी माझ्या साइटवर दीड तास बसलं होतं. अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सुरुवात तेजि, शेवट न, तीनच अक्षरं, हेच नाव दे'. यंत्र बिचारं सांगितलं तसं करतं. 'तेजिन' आल्यावर स्क्रीनशॉट, मग पुढचं नाव. अकरा नावांसाठी ६३ प्रयत्न. म्हणजे उल्लंघनाचा पुरावा त्यांनी माझ्याच दुकानात बसून, माझ्याच खर्चाने तयार करून घेतला. मॉडेलच्या प्रत्येक उत्तराचे पैसे मी भरते. आणि ज्या डोमेनवरून मेल आला ते डोमेन १९ दिवसांचं होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे जाऊन दहा दिवस झाले होते. तासाभरात केला असता तर रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त असते. तक्रार नोंदवली गेली, नंबर आला, सायबर पोर्टलवर स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा क्रमांक चढवला. पैसे अजून आलेले नाहीत.

तेव्हापासून साइटवर तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे. कुठली कृती, मालक कोण, साइटवर नेमकं कुठे दिसलं, काय काढायला हवं. बहीण म्हणाली, दुसऱ्याने टाकलेला मजकूर नुसता साठवणाऱ्यासाठी कायद्यात सवलत आहे, तक्रार आली की ३६ तासांत मजकूर बंद करायचा आणि २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर पुन्हा चालू करता येतो. पण तुझ्याकडे यंत्र स्वतः बोलतं, तेव्हा त्या ढालीवर फार विसंबू नकोस. मी मुदत तेवढी पाळते. नोंदी आता सहा महिने ठेवते, आधी दोन आठवड्यांनी पुसत होते. नशीब, त्या वेळी दोन दिवस उरले होते. पुस्तिकेतले अर्थ सगळे खोडून नव्याने लिहिले. रोज रात्री पन्नास, लेक झोपल्यावर. अडीच महिने लागले.

जूनमध्ये पहिली खरी तक्रार आली. दादरच्या एक बाई घरगुती फराळ विकतात. 'धंद्याचं नाव'मध्ये माझं यंत्र त्यांचंच नाव दुसऱ्यांना सुचवत होतं. ते ट्रेडमार्कचं प्रकरण, कॉपीराइटचं नव्हे. चार ओळींचा मराठी मेल, अर्जाचा क्रमांक दिलेला. रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतं, शोधलं, सापडला. त्यांनी ४,५०० रुपये भरून अर्ज केलेला. नाव त्याच दिवशी बंद यादीत टाकलं आणि त्यांना कळवलं. त्यांनी एक पैसा मागितला नाही. उलट विचारलं, दिवाळीला चकल्या पाठवू का?

नोटिशीतली ती अकरा नावं मात्र मी काढली नाहीत. 'तेजिन' ऑगस्टमध्ये भांडुपच्या एका जोडप्याने मुलाला ठेवलं, ४९ रुपये भरून. अर्थ विचारत होते. मी खरं ते सांगितलं, की यंत्राने जुळवलेलं नाव आहे, कोशात सापडणार नाही. त्यांना चाललं.