लॉ करण्याआधी ‘ॲक्सेस’ : नऊ महिन्यांचा अनुभव

नाशिकला बारावी कॉमर्स झाली, मग लग्न, इंग्लंडमधलं लेस्टर, दोन मुलं, केअर होममधली नोकरी. वकिलीचं मनातून गेलं नव्हतं. इथल्या विद्यापीठांना माझी जुनी बारावी पुरेना, म्हणून गेल्या सप्टेंबरात एका कॉलेजात ‘ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा’ला, लॉच्या शाखेत नाव घातलं. शाळा सुटून वर्षं लोटलेल्या माझ्यासारख्यांसाठीच हा कोर्स असतो. जूनमध्ये पूर्ण झाला.

कोर्स एकूण 60 क्रेडिटचा; क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक. त्यातल्या 45 ना पास, मेरिट किंवा डिस्टिंक्शन मिळतं, उरलेली 15 फक्त पूर्ण करायची. विद्यापीठाची माझी ऑफर, म्हणजे प्रवेशाची अट, होती 30 क्रेडिटना डिस्टिंक्शन आणि 15 ना मेरिट. म्हणजे पहिल्या असाइनमेंटपासूनच मोजणी सुरू.

सगळ्यात जास्त शिकवलं ते काँट्रॅक्टच्या युनिटने. कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल, 1893. कंपनीने जाहिरात दिली: आमचा स्मोक बॉल (नाकाने हुंगायचं औषध) सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, त्यासाठी 1,000 पौंड बँकेत ठेवलेत. कार्लिलबाईंना फ्लू झाला, कंपनी हात वर करायला लागली, कोर्टाने पैसे द्यायला लावले. मला हे सगळं पाठ होतं. असाइनमेंटमध्ये हरवलेल्या कुत्र्यासाठी बक्षीस लावलेल्या माणसाचा प्रश्न आला आणि मी पानभर कार्लिलबाईंचीच हकिगत लिहिली. शेजारी सरांचा शेरा: ‘हे मला माहीत आहे. कुत्रा शोधणाऱ्याला यातून काय मिळतं?’

त्या एका ओळीवर मी आठवडाभर विचार करत होते. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना उत्तर म्हणजे आठवलेलं सगळं उतरवणं वाटतं. इथे आधी वादाचा मुद्दा शोधायचा, मग नियम सांगायचा, मग तो समोरच्या माणसाच्या परिस्थितीला शब्द न् शब्द लावून बघायचा आणि शेवटी निष्कर्ष. पुढे 1968 च्या थेफ्ट ॲक्टमधली चोरीची व्याख्या आली, तेव्हा एकेक घटक सुटा करून तपासताना मला खरंच आनंद व्हायला लागला. तो आनंद मिळाला नसता तर रात्री मुलं झोपल्यावर कोर्टाची निकालपत्रं वाचत बसणं जमलं नसतं.

आता तक्रारी. पहिल्या असाइनमेंटवरचे शेरे पाच आठवड्यांनी हातात पडले, तोवर दुसरी त्याच चुकांसकट जमा झाली होती. हे अन्यायाचं आहे, मी कॉलेजला तसं लेखी कळवलं. दुसरं, बऱ्याच विद्यापीठांना जीसीएसईचं (इथली दहावीसारखी परीक्षा) इंग्रजी आणि गणित वेगळं लागतं, किमान ग्रेड 4. प्रवेशाच्या वेळी कोणी बोललं नाही. मला नोव्हेंबरात कळलं आणि गणिताचा संध्याकाळचा वर्ग धावतपळत लावावा लागला. तुम्ही आधी विद्यापीठाच्या अटी बघा, मग कॉलेज ठरवा. आणि शेरे किती दिवसांत देता, हे मुलाखतीतच विचारा.

फीसाठी ॲडव्हान्स्ड लर्नर लोन घेतलं. इंग्लंडमध्ये या कर्जावर ॲक्सेस करून पुढे पात्र पदवी पूर्ण केली, की त्याची उरलेली रक्कम माफ होते. मात्र इथल्या वास्तव्याच्या अटी असतात. व्हिसावर असाल तर आधी त्या नीट वाचा.

ऑफरची अट पूर्ण झाली. सप्टेंबरात एलएलबीचं पहिलं वर्ष, आणि पहिल्याच सत्रात पुन्हा काँट्रॅक्ट आहे.