फळ्यावरची तीन विमाने : पुण्यातील एका संरक्षण-भरती क्लासचा अनुभव

आमच्या मुलीला लष्करी वैमानिक व्हायचे आहे आणि त्यासाठी आम्ही पुण्यातील एका क्लासकडून वर्षभरात दोन सेवा घेतल्या. पहिली सेवा म्हणजे एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाचा, अर्ज भरण्यापूर्वीचे दीड हजार रुपयांचे मार्गदर्शन सत्र आणि दुसरी म्हणजे लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरची चौदा दिवसांची निवासी एसएसबी (सेवा निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीची) बॅच, जिचे शुल्क अठरा हजार रुपये होते. क्लासचे नाव मी येथे देत नाही, कारण याच धर्तीवर चालणारे क्लास पुण्यात पुष्कळ आहेत आणि पालकांना उपयोगी पडेल ते नावापेक्षा काय विकत मिळते आणि काय मिळत नाही याचे वर्णन. आधीच सांगतो की दुसऱ्या सेवेचे पैसे बऱ्याच अंशी वसूल झाले, पहिल्या सेवेचे मात्र अजिबात झाले नाहीत.

मार्गदर्शन सत्र दुसऱ्या मजल्यावरच्या एका वातानुकूलित खोलीत झाले. भिंतीवर अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या २०१६ मध्ये हवाई दलात दाखल झालेल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांचे मोठे छायाचित्र लावलेले होते. समुपदेशकांनी फळ्यावर निळ्या, काळ्या आणि हिरव्या मार्करने तीन विमाने काढली, त्यांखाली हवाई दल, नौदल, भूदल असे लिहिले आणि सांगितले, ‘‘पायलट तिन्हीकडे असतात. पसंतीक्रम हाच ठेवा, डोळे झाकून.’’ एवढ्याला आठ मिनिटे लागली असतील. सत्राचा उरलेला वेळ बॅचचे शुल्क, हप्ते आणि वसतिगृहाची माहिती यांत गेला. ‘‘सर, नौदल मिळाले तर थेट विमान मिळते का?’’ असे मुलीने विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘‘हो, मिळतेच की.’’

हे उत्तर चुकीचे आहे, आणि कसे चुकीचे आहे ते आम्हाला त्याच दिवशी, त्याच क्लासमध्ये शिकवणाऱ्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी खाली चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या समजावून सांगितले. त्यांची हयात हवाई दलाची हेलिकॉप्टरे चालवण्यात गेलेली. एनडीएच्या अर्जावर उड्डाणाची शाखा म्हणून थेट मिळते ती फक्त हवाई दलाची. खडकवासल्याची तीन वर्षे संपली की हे छात्र हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील अकादमीत जातात आणि पिलाटस विमानावर पहिले धडे गिरवतात. नौदलाचे छात्र केरळमधील एळिमला येथील नौदल अकादमीत आणि तेथून जहाजावर जातात. विमानदलाची वाट त्यानंतर, इच्छा, गरज आणि पात्रता जुळली तर उघडते. भूदलात जाणारा छात्र डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडतो तो साधारणतः पायदळ, तोफखाना, सिग्नल अशा एखाद्या शाखेचा अधिकारी म्हणून. काही काळ तेथे सेवा केल्यावर तो आर्मी एव्हिएशनसाठी नाव देतो, आणि निवड झाली तर नाशिक रोडच्या लष्करी वैमानिक प्रशिक्षण शाळेत येतो. तेथे त्याच्या हाती येते ते हेलिकॉप्टर. कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ मध्ये याच नाशिकमधून भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, पण त्याआधी त्या एअर डिफेन्स शाखेच्या अधिकारी होत्या. भूदलाची १९८६ पासून स्वतंत्र असलेली ही उड्डाण शाखा आपल्या घरापासून चार-पाच तासांच्या अंतरावर घडते, आणि पुण्यातल्या समुपदेशकाला तिच्याविषयी एक वाक्य सांगता येऊ नये, याचे मला नवल वाटले.

मग त्या अधिकाऱ्यांनी मुलीला एक प्रश्न विचारला, आणि दीड हजार रुपयांत जो मिळायला हवा होता तो हाच : ‘‘बेटा, समज विमान मिळालेच नाही, तर त्या गणवेशात तू वीस वर्षे राहशील का?’’ लढाऊ विमान, मालवाहू विमान की हेलिकॉप्टर हे अर्जावर निवडता येत नसते, हेही त्यांनी सांगितले. दुंडिगलच्या पहिल्या टप्प्यातील कामगिरी आणि दलाची गरज पाहून ते ठरते. मग कोणी बिदरला हॉक या प्रशिक्षण जेट विमानावर जातो, कोणी येलहंकाला मालवाहू विमानांकडे, तर कोणी हकीमपेटला हेलिकॉप्टरांकडे. ‘‘मलाही मिग हवे होते,’’ ते म्हणाले आणि हसून त्यांनी चहाचे पैसे दिले.

मुलीने दोन दिवस विचार करून हवाई दल पहिले, भूदल दुसरे आणि नौदल तिसरे असा क्रम लावला. हेलिकॉप्टर मिळाले नाही तरी भूदलात राहायला तिची तयारी होती. महिनोन्महिने जहाजावर राहण्याची नव्हती. ज्याला समुद्राची ओढ आहे त्याने नेमका उलटा क्रम लावावा. नौदलाचे उड्डाण ही मुळीच दुय्यम गोष्ट नाही. गोव्यातील आयएनएस हंसा या तळावरचे मिग-२९के हे विमान धावत्या जहाजाच्या आखूड धावपट्टीवर, तारेत आकडा अडकवून उतरवावे लागते, आणि ते साधलेला वैमानिक कोणापुढेही मान खाली घालणार नाही. अभियांत्रिकीनंतर थेट नौदल वैमानिक होण्याचा शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक वर्षांच्या सेवेचा, मार्गही आहे. म्हणजे ज्याला नौदलातच उडायचे आहे, त्याने एनडीएची घाई करावी की पदवीपर्यंत थांबावे हा खराखुरा प्रश्न आहे. फळ्यावरच्या तीन विमानांत तो कोठेच नव्हता.

त्याहून गंभीर दोन गोष्टी आम्हाला लोकसेवा आयोगाची जाहिरात घरी वाचताना कळल्या. पहिली गोष्ट जागांची. हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या ९२ जागांपैकी मुलींसाठी होत्या २. संपूर्ण देशातून दोन. मुलींना एनडीएचे दार २०२२ मध्ये उघडले ही मोठी गोष्ट आहे आणि मुलीने तो प्रयत्न करू नये असे मी म्हणत नाही. परंतु शुल्क घेणाऱ्याने हा आकडा पहिल्या पाच मिनिटांत समोर ठेवायला हवा आणि त्याच्या जोडीला एएफकॅट, म्हणजे पदवीनंतरची हवाई दलाची प्रवेश परीक्षा, हा दुसरा मार्ग सांगायला हवा. पदवीला किमान ६० टक्के, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के, वय २० ते २४ आणि वर्षातून दोनदा परीक्षा, असा तो मार्ग आहे. त्यातून उड्डाण शाखेत मिळणारी शॉर्ट सर्व्हिस १४ वर्षांची असते. भिंतीवरच्या त्या तिघीही पदवीनंतरच हवाई दलात आल्या होत्या. त्यांच्या वेळी एनडीएत मुलींना प्रवेशच नव्हता. त्यांच्या छायाचित्राखाली बसून आमच्याशी बोलणाऱ्या गृहस्थांना ही विसंगती कधी जाणवली नसावी.

दुसरी गोष्ट संगणकीय वैमानिक निवड चाचणीची, जिला सगळे सीपीएसएस म्हणतात. मुलाखत मंडळाने शिफारस केल्यानंतर होणारी ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. उपकरणांचे आकडे झटपट वाचणे, हाताने दांडा आणि पायाने पॅडल एकाच वेळी सांभाळणे अशा गोष्टी तीत पाहिल्या जातात. सतराव्या वर्षी तीत अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला एकविसाव्या वर्षी एएफकॅटमधून उड्डाण शाखेसाठी पुन्हा येता येत नाही. क्लासच्या जाहिरातीत मात्र ‘एनडीए द्या, गमावण्यासारखे काही नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. लेखी परीक्षेपुरते ते खरे आहे, सीपीएसएसपुरते नाही. हे कळल्यावरही आम्ही मुलीला पाठवलेच असते, पण काय पणाला लागले आहे ते जाणून पाठवले असते.

आता निवासी बॅचविषयी, आणि येथे मला हात आखडता घ्यायचा नाही. सकाळचे मैदान तेच निवृत्त अधिकारी स्वतः घेत. शहराबाहेरच्या भाड्याच्या जागेवर चुन्याने रेषा आखून, लाल रंगवलेल्या ओंडक्यांना ना माणसाचा स्पर्श होऊ द्यायचा ना सामानाचा, अशा अटींवर आठ-आठ जणांच्या गटाकडून ते अडथळे पार करून घेत. सामान म्हणजे फळी, लाकडी दांडा आणि दोरी, ज्यांना एसएसबीत सगळे फट्टा, बल्ली आणि रस्सी म्हणतात. पालकांना एक दिवस पाहायला बोलावले होते. आमची मुलगी पहिली दहा मिनिटे फळी हातात धरून नुसती उभी होती, कारण दोन उंच मुले एकमेकांवर ओरडत होती आणि तिचे कोणी ऐकत नव्हते. सरांनी खेळ थांबवला नाही. कोणाला रागावलेही नाहीत. संपल्यावर त्यांनी फक्त तिला विचारले, ‘‘फळी तुझ्या हातात होती ना? मग न बोलता ठेवून का दिली नाहीस?’’ दुसऱ्या दिवशी तिने ती ठेवली आणि ओरडणारी मुले त्या फळीवरून चालत गेली. हे पुस्तकातून शिकता येत नाही आणि एकट्याने घरीही करता येत नाही.

मानसशास्त्रीय चाचण्यांची तयारी मात्र मला खटकली. साठ शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, त्यांत काय कराल ते लिहायला अर्धा तास. असा त्या चाचण्यांचा वेग असल्याने सराव हवाच, यात वाद नाही. परंतु सरावाच्या नावाखाली वह्या भरून तयार वाक्ये दिली गेली. संपूर्ण बॅचमधील चोवीस मुलांनी ‘अपयश’ या शब्दावर एकच वाक्य लिहिलेले मी स्वतः पाहिले. पंचवीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे मला एवढे कळते, की एकाच हाताने भरलेले अर्ज वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात.

‘सिम्युलेटर सराव’ नावाने वेगळे अडीच हजार रुपये घेतले जातात. ते देऊ नयेत. एका संगणकाला खेळण्यातला जॉयस्टिक जोडलेला आहे, पॅडल नाहीत, आणि पडद्यावर विमानांचा बाजारातला खेळ चालतो.

वैद्यकीय निकषांविषयी ‘चष्मा नसला की झाले’ एवढेच सांगितले जाते. उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटीमीटर लागते, पण त्याशिवाय बसल्या स्थितीतील उंची ८१.५ ते ९६, पायांची लांबी ९९ ते १२० आणि मांडीची लांबी ६४ सेंटीमीटरपर्यंत अशी मोजमापेही असतात. कारण उघड आहे : कॉकपिटमध्ये पाय पॅडलपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि गुडघे पुढच्या फलकाला लागता कामा नयेत. आम्ही मुलीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर भिंतीला टेकवून बसवले आणि तिच्या आईने शिवणकामाच्या टेपने मोजमाप घेतले. पाय १०० भरले. एका सेंटीमीटरच्या फरकाने निभावणारी गोष्ट अठरा हजार भरण्यापूर्वी मोजून घेतलेली बरी. बॅचमधील एका मुलाचे पाय निकषात बसत नव्हते, आणि हे त्याला बाराव्या दिवशी, तेही सहज गप्पांत कळले. तेराव्या दिवशी दुपारी खासगी वैमानिक परवान्याच्या एका एजंटाचे व्याख्यान ठेवलेले होते. तो मुलगा पहिल्या रांगेत बसला होता.

शुल्काविषयी आणखी एक माहिती, जी कोणताही क्लास देणार नाही. नाशिक रोडला महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे एसएसबीचे बोलावणे आलेल्या पात्र मुलामुलींना प्रशिक्षण, निवास आणि भोजन विनामूल्य मिळते. प्रवेश जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होतो. मेव्हण्यांनी हे सांगितले तेव्हा आमचे पैसे भरून झाले होते.

मुलगी गांधीनगरच्या निवड मंडळापुढे पाचव्या दिवसापर्यंत टिकली. पहिल्या दिवशी तिच्या खोलीतील निम्म्याहून अधिक मुली परत गेल्या होत्या. कॉन्फरन्सनंतर, म्हणजे मंडळाच्या अखेरच्या बैठकीनंतर, तिचा चेस्ट नंबर (छातीवर लावलेला उमेदवार क्रमांक) पुकारला गेला नाही. शिफारसच न झाल्याने सीपीएसएस अजून शिल्लक आहे. परतीच्या गाडीतून फोनवर तिने मला हेच आधी सांगितले. आता ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात असून एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे आणि एएफकॅटच्या तारखा तिने कपाटाच्या दाराला चिकटवल्या आहेत.

तेव्हा तिला पुन्हा मैदानाचा सराव लागेल. मैदानाचे तेवढे चार दिवस वेगळे मिळतील का, असे मी क्लासला दोनदा विचारले. दोन्ही वेळा पूर्ण बॅचचेच शुल्क भरावे लागेल असे उत्तर मिळाले. ज्यांना तरीही तेथे जायचे असेल, त्यांनी सकाळचे मैदान ते निवृत्त अधिकारी अजून स्वतः घेतात का, एवढे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि शाखा निवडायची असेल, तर दुसऱ्या मजल्यावर न जाता खाली टपरीवर थांबावे.