गिजेट : ३२ भागांची मालिका की दीड तासाचा सिनेमा?

सॅली फील्ड आपल्याकडे ओळखली जाते ती 'फॉरेस्ट गम्प'ची आई म्हणून. तिची सुरुवात कुठून झाली हे शोधायला गेलं की 'गिजेट' हे नाव समोर येतं आणि घोळ सुरू होतो. या नावाचा १९५९चा सिनेमा आहे, १९६१ आणि १९६३चे पुढचे दोन सिनेमे आहेत, १९६५ची मालिका आहे आणि १९८६ची नवी मालिकाही आहे. सगळ्यांचं मूळ एकच: फ्रेडरिक कोनर या पटकथाकाराने स्वतःच्या मुलीच्या कॅलिफोर्नियात मालिबूच्या किनाऱ्यावर सर्फिंगच्या, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होण्याच्या, उद्योगांवरून १९५७ साली लिहिलेली कादंबरी. सॅली फील्ड मात्र फक्त १९६५च्या मालिकेत आहे. खरी निवड या मालिकेत आणि पहिल्या सिनेमात आहे.

लाटा बघायच्या असतील तर डोळे झाकून सिनेमा घ्या. दिग्दर्शक पॉल वेंडकोस, नायिका सँड्रा डी, लांबी साधारण ९५ मिनिटं. लांबून घेतलेल्या दृश्यांत फळीवर खरेखुरे सर्फर आहेत. सँड्रा डीच्या वाटची फळी मिकी मुनोज या सर्फरने केसांचा टोप आणि बिकिनी चढवून मारून नेली आहे. जवळची दृश्यं स्टुडिओतली, मागे पडद्यावर समुद्र. चेहरा नीट दिसतोय म्हणजे स्टुडिओ, आकृती लहान दिसतेय म्हणजे समुद्र, इतका साधा हिशेब. सिनेमा सिनेमास्कोपमधला आहे, त्यामुळे रुंद चौकटीचीच प्रत बघा. जुन्या टीव्हीसाठी दोन्ही बाजू कापलेल्या प्रतीत लाट अर्धी बाहेर जाते आणि सिनेमाची निम्मी मजा तिच्याबरोबर.

मालिकेत सर्फिंग तोंडी लावण्यापुरतं आहे. फळी काखेत, वाळूत घोळका, मागे पडद्यावरच्या लाटा. तेवढं झालं की गोष्ट घरात शिरते. पण त्या घरासाठीच मालिका बघायची. सिनेमात गिजेटला आई आणि वडील दोघंही आहेत, आणि दोघंही तिच्या लग्नाबिग्नाच्या काळजीत. मालिकेत आई हयात नाही. वडील रसेल लॉरेन्स इंग्रजीचे प्राध्यापक आहेत, आणि डॉन पोर्टरने ते फार समजुतीने उभे केले आहेत. रागवायच्या आधी ते ऐकून घेतात. साठच्या दशकातल्या विनोदी मालिकांतले बाप एकतर भोळसट असतात नाहीतर उपदेशाचे डोस पाजणारे. हा माणूस दोन्ही नाही. पोरीला मोकळीक द्यायची आणि लक्षही ठेवायचं, ही त्यांची कसरत मालिका हलक्या हाताने दाखवते. लक्ष ठेवायची जास्त हौस आहे ती थोरली बहीण ॲन हिला. पहिल्याच भागात ती गिजेटची डायरी वाचते आणि नको तो अर्थ काढते. तिचा नवरा जॉन मानसशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे घरात कुणी शिंकलं तरी त्यामागे मनोगंड. हा विनोद सलग चार भाग पाहिले की पचत नाही. दिवसाला दोनच भाग बरे.

सिनेमात मूनडॉगी हा जेम्स डॅरनचा नायक पूर्ण वेळ समोर आहे. मालिकेत त्याला प्रिन्स्टनला शिकायला पाठवून लेखकांनी जागा मोकळी केली. त्यामुळे साडेपंधरा वर्षांची गिजेट दर आठवड्याला नवा मुलगा, नवी चळवळ, नवा घोटाळा अंगावर घेऊ शकते. सोबतीला मैत्रीण लरू: उन्हाची ॲलर्जी, डोक्यावर मोठी हॅट, आणि तरी सगळा वेळ किनाऱ्यावर. माझ्या मते प्राध्यापकांनंतर मालिकेतलं सर्वांत चांगलं पात्र हेच.

दोन्हींतला फरक एका पात्रावरून पटकन कळतो. सिनेमातला कहूना (क्लिफ रॉबर्टसन) कोरियाच्या युद्धातून परतलेला, नोकरी-घर सोडून लाटांमागे फिरणारा माणूस आहे, आणि त्या मोकळेपणाची किंमत सिनेमा थोडीफार मोजतो. मालिकेत 'द ग्रेट कहूना' या भागात मार्टिन मिल्नर त्याच नावाने येतो, पण २५ मिनिटांत गोष्ट आटपायची असल्याने तो आला आणि गेला. उलट सिनेमाचा शेवट आज खटकतो: पुरुषातलं चांगलं बाहेर काढते ती खरी स्त्री, असं आजीचं भरतकामातलं वाक्य तो अगदी गंभीरपणे पुढे करतो. मालिकेतही अशा जागा आहेत, पण सॅली फील्ड प्रेक्षकांशी थेट बोलत त्यातली हवा काढून घेते.

एकच हंगाम का? १५ सप्टेंबर १९६५ला एबीसी या अमेरिकन वाहिनीने ही मालिका बुधवारी साडेआठला सुरू केली आणि समोर सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर होती तेव्हाची लोकप्रिय मालिका 'द बेव्हर्ली हिलबिलीज'. जानेवारीत ती गुरुवारी हलवली, एप्रिलमध्ये गाशा गुंडाळला. उन्हाळ्यातल्या पुनःप्रक्षेपणाला मात्र प्रेक्षक जमले, तोवर उशीर झाला होता. मग सॅली फील्ड हातची जाऊ नये म्हणून १९६७ला 'द फ्लाइंग नन' आली: वाऱ्यावर उडणारी जोगीण, ८२ भाग. ती भूमिका आपल्याला नको होती, हे सॅली फील्डने स्वतःच सांगितलं आहे. अभिनेत्रीसाठी बघणार असाल तर 'द फ्लाइंग नन'च्या वाटेला न गेलेलंच बरं.

सगळे ३२ भाग म्हणजे साधारण १३ तास. तेवढा वेळ नसेल तर पहिला भाग, मग जुनी शववाहिका विकत घेण्याचा 'अ हर्स, अ हर्स, माय किंगडम फॉर अ हर्स', मग 'इगो-अ-गो-गो', ज्यात 'जॉज'च्या नऊ-दहा वर्षं आधीचा कोवळा रिचर्ड ड्रायफस दिसतो. या तिघांत मन रमलं नाही तर पुढे रमणार नाही. रेकॉर्डेड हशा सतत आहे, त्याला इलाज नाही. भाग २२ मिनिटांतच संपत असेल तर जाहिरातींसाठी कापलेली प्रत समजा.

संपूर्ण संच २००६ला अमेरिकेत डीव्हीडीवर निघाला. तिकडच्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर तो रीजन १चा आहे (डीव्हीडी जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते हा आकडा ठरवतो). भारतातले प्लेअर रीजन ५चे असतात, तेव्हा सर्व रीजन चालणारा प्लेअर आहे का ते आधी बघा. आणि १९८६च्या मालिकेचा संच चुकून उचलू नका. वेष्टनावर कॅरिन रिचमनचं नाव असेल तर ती गिजेट लग्न झालेली, मोठी आहे.