दिल्लीहून आग्रा, एका दिवसात : माझ्या वहीतला हिशेब

मी पतसंस्थेत हिशेब बघते. रोज दुसऱ्यांच्या पावत्या तपासायच्या, खाडाखोड शोधायची, सही नसलेलं व्हाउचर परत पाठवायचं, हे माझं काम. त्यामुळे मला कोणी फसवलं असं सांगायला तोंडच राहत नाही. तरी सांगते, कारण मे महिन्याच्या सुट्टीत दिल्लीला जाऊन तिथून आग्र्याचा एक दिवसाचा फेरा मारणारी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांची फसवणूकही बहुधा आमच्यासारखीच होते. सुटी सुटी, शे-दोनशेची, कुठेही तक्रार करावी इतकी मोठी नसलेली.

आम्ही पाच जण : मी, हे, सासूबाई, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. दिल्लीत चार दिवस. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, अक्षरधामही सोमवारीच बंद, हे सगळं मी घरूनच वहीत उतरवून नेलं होतं. आग्र्याचा दिवस गुरुवार ठरला, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद. आणि आग्रा खरं म्हणजे ताजमहालासाठी नव्हतंच. सासूबाईंना किल्ला बघायचा होता. 12 मे 1666 ला महाराज ज्या दरबारात उभे राहिले ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. शंभूराजे तेव्हा नऊ वर्षांचे होते, आमच्या छकुलीएवढेच, हे त्यांनी तिला रेल्वेत चार वेळा तरी सांगितलं असेल.

करोल बागेत आमच्या हॉटेलच्या खालीच एक टेबल होतं. मागे पाटी : ‘भारत सरकार मान्यताप्राप्त पर्यटन’, बाजूला सिंहांच्या राजमुद्रेसारखं काहीतरी. भारत सरकारचं खरं पर्यटन कार्यालय जनपथवर 88 क्रमांकाच्या इमारतीत आहे, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी पाटी पुरली.

टेबलावरचा मुलगा म्हणाला, “मैडम, परसों शुक्रवार को ले जाइए, खाली बस मिलेगी.” मी लगेच म्हटलं, “शुक्रवार को ताज बंद रहता है.” तो हसला, कान पकडले, “अरे मैडम को तो सब मालूम है!” आणि मी फुगले. आता विचार करते तेव्हा वाटतं, फसले ती त्याच क्षणी. ज्या माणसाला रोज आग्र्याची बस भरायची आहे त्याला शुक्रवार माहीत नसेल? तो चुकून बोलला की मला जोखत होता, देव जाणे. पण त्याची एक चूक पकडल्यावर माझी तपासणी तिथेच संपली. ऑफिसातही असंच होतं. बेरजेतली एक चूक सापडली की माणूस खूश होतो आणि पुढचं पान नुसतं उलटतो.

माणशी 850 रुपये, मुलांनाही पूर्ण सीट, म्हणजे 4,250. एसी बस, यमुना एक्सप्रेसवेने, ताज, किल्ला, परतताना मथुरा-वृंदावन, रात्री नऊला हॉटेलवर. यूपीआयने पैसे भरले. पैसे जाण्याआधी मोबाइलवर नाव आलं ते एका माणसाचं होतं, पाटीवरचं नव्हतं. “मालिक का नाम है मैडम.” मालकाचं तर मालकाचं. पावतीवर जीएसटी क्रमांक होता, म्हणून मी निर्धास्त.

तो क्रमांक मी मोजला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, ढाब्यावर बसून. अक्षरं चौदा. जीएसटीचा क्रमांक पंधराच अक्षरांचा असतो, दिल्लीचा असेल तर 07 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकटात दोन मिनिटांत तपासता येतो. हे मी रोज करते. पगार घेऊन करते.

आता वही. मला वेळ लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून हे नेमकं सांगता येतं.

साडेपाचला खाली या म्हणाले, आलो. बस आली 6.50 ला. मग ती पहाडगंज, कुठला तरी चौक, परत पहाडगंज असं करत प्रवासी गोळा करत राहिली. दिल्ली सोडली 8.40 ला. एक्सप्रेसवे आला नाही. फरिदाबाद, पलवल असा जुना मथुरा रस्ता धरला. हे पुढे जाऊन म्हणाले तर ड्रायव्हर म्हणाला, तिकडे टोल जास्त. 9.50 ला ढाबा, पन्नास मिनिटं, कोणालाच भूक नव्हती. आग्रा 1.15.

त्या ढाब्यावर ड्रायव्हर चहा पीत उभा होता. मी जरा चिडूनच विचारलं, इतका वेळ का? तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “साढ़े आठ सौ में डीज़ल भी नहीं निकलता मैडम. पैसा तो दुकान से निकलता है.” सगळा धंदा त्याने एका वाक्यात सांगितला. आमची सीट कमी पैशात विकली होती, कारण पुढे आम्हालाच विकायचं होतं. ढाब्याला पन्नास मिनिटं, संगमरवराच्या दुकानाला पन्नास, पेठेवाल्याला (पेठा म्हणजे आग्र्याची कोहळ्याची मिठाई) तीस, असा आमचा दिवस आधीच वाटून दिलेला. त्यात ताजमहाल आणि किल्ला म्हणजे दोन विक्रींच्या मधली जागा. स्वस्त वाटणारी सीट दिसली की आता मी आधी हाच प्रश्न विचारते : उरलेले पैसे कोण देतंय?

आग्र्यात एक गाइड बसमध्ये चढला. गळ्यात कार्ड, पण उलटं अडकवलेलं. ताजचं तिकीट माणशी 250 म्हणाला, पाच जणांचे 1,250 गोळा केले. आकडा खोटा नाही, यातच खुबी आहे. भारतीयांना साधं तिकीट 50 रुपये, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं असेल तर वर 200. पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे तीन मोठ्यांचे 750 व्हायला हवे होते. मला हे माहीत होतं का? हो, माझ्या वहीत लिहिलेलं होतं, मागच्या पानावर. पण गाइड घाई करत होता, उन्हाने सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता, आणि बस चौकाच्या बाहेर थांबवून सगळ्यांना चालवत नेत होते, कारण ताजच्या जवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्या सोडत नाहीत. अशा वेळी मागचं पान कोण उघडतो!

तिकिटं त्याने स्वतःच्याच हातात ठेवली. आम्हाला रांगेत पुढे ढकललं, दारावर दाखवली, आत सोडलं. रांग, तपासणी धरून आम्ही ताजमध्ये होतो 85 मिनिटं. एका तिकिटावर तीन तास थांबता येतं, तो पर्यायच आमच्याकडे नव्हता. आणि चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशी रखवालदाराने विचारलं, वरचं तिकीट? नव्हतं. गाइडने तीन साधी तिकिटं काढली होती. दीडशे रुपये. 1,250 घेऊन 150 खर्च केले, 1,100 खिशात. आमच्यामागे बसमधली आणखी तीन कुटुंबं त्याच पायरीवर उभी होती. गाइडला गाठलं तेव्हा म्हणाला, “गाइड फीस भी तो होती है.” छकुलीला कबर बघायची होती. तिने खालून मान वर करून बघितली. एवढ्या मोठ्या वास्तूतलं तिला काय आठवतं विचाराल, तर ती पायरी.

इथे एक सांगायला हवं. ताजची तिकिटं घरबसल्या पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर काढता येतात, मोबाइलवर येतात, कोणाच्या हातात पैसे द्यावे लागत नाहीत. मी काढली नाहीत, कारण ‘बसवाले सगळं बघतील’.

दुकानाचं थोडक्यात. ‘सरकारी एम्पोरियम’ असं सांगून नेलं. दारात दोन कारागीर चाकावर दगड घासत बसलेले, पच्चीकारी, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेली नक्षी, कशी करतात ते दाखवलं. ते खरोखर बघण्यासारखं होतं, खोटं बोलणार नाही. मग विक्रेत्याने खोलीत अंधार करून एका डबीखाली टॉर्च धरला, दगड आतून उजळला. “मकराना का असली मार्बल, ताज का ही पत्थर.” मी 1,200 ची डबी घेतली. बांधून आणली ती मात्र त्याने आतल्या खोलीतून. घरी आल्यावर मुलाने तिच्या तळाला नखाने ओरखडा काढला आणि पांढरी भुकटी निघाली. संगमरवरावर नख चालत नाही. तो साबणदगड, म्हणजे आपला शंखजिऱ्याचा भाऊ. टॉर्च लावला तोच नग आपल्यासमोर बांधून घ्यायचा, एवढी साधी गोष्ट.

आणि मग किल्ला.

4.40 ला बस किल्ल्यासमोर थांबली. अमरसिंग दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. सासूबाई पदर सावरून उतरल्या, चपला काढल्या, नमस्कार केला. गाइड ओरडला, “दस मिनट, फोटो खींचिए. किला बंद हो गया है.” बंद? मे महिना, ऊन डोक्यावर, आणि किल्ला सूर्यास्तापर्यंत उघडा असतो. आग्र्याला मेमध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो. समोर माणसं दारातून आत जाताना दिसत होती! ह्यांनी बोट करून दाखवलं. गाइड म्हणाला, “वो ऑनलाइन वाले हैं. ग्रुप बंद.” हे म्हणाले, आम्ही इथेच उतरतो. तर बसमधली बाकीची माणसं ओरडायला लागली, उशीर होतोय, मथुरा चुकेल. आमच्या बॅगा टपावर बांधलेल्या, त्या रात्रीचं हॉटेल दिल्लीत. सासूबाईच म्हणाल्या, “जाऊ दे रे, चार माणसांना त्रास नको.”

मला आजही राग गाइडचा नाही येत इतका त्या वाक्याचा येतो, आणि ते वाक्य मी मान्य केलं याचा. पेठेच्या दुकानात त्यानंतर अर्धा तास थांबलो. चार माणसांना तिथे उशीर झाला नाही.

मथुरेत जन्मस्थानाचं दर्शन धावत झालं. वृंदावनात बांकेबिहारीच्या नावाने नेलं आणि भलत्याच एका छोट्या मंदिरात खाली बसवलं, दार लोटून घेतलं. एक पंडा गोष्ट सांगू लागला, छान सांगत होता, लोक रडत होते. मग गोत्र विचारलं, हातात पाणी दिलं आणि संकल्प सोडायला लावला : गाईंचा चारा इतके, ब्राह्मणभोजन इतके, विधवामातांना इतके. सगळ्यांसमोर आकडा बोलायचा. संकल्प सोडल्यावर नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी पदराच्या गाठीतले 1,100 दिले. पावती मागितली तर पंड्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच पाप केलं. हॉटेलवर पोचलो 1.10 ला.

एकोणीस तास चाळीस मिनिटं. पैसे 7,800, त्यात खाणं धरलेलं नाही. ताज 85 मिनिटं. किल्ला, बाहेरून, दहा.

दुसऱ्या दिवशी ते टेबल होतं, मुलगा वेगळा होता. तो म्हणाला, ते पैसे माझ्याकडे आलेच नाहीत. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध? माझ्याकडे होतं एका माणसाचं नाव, चौदा अक्षरांचा क्रमांक आणि पाटीचा फोटोही नाही. पर्यटन मंत्रालयाची 1363 ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, तिची आठवण मला परतीच्या रेल्वेत झाली. किल्ल्यासमोर उभी असताना तिथे फोन करून एवढंच विचारलं असतं, की आत्ता उघडा आहे का, तरी पुष्कळ झालं असतं.

लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर दिल्लीहून आग्र्याला रेल्वेनेच जावं, असं माझं मत झालंय. हजरत निजामुद्दीनहून सकाळी गतिमान एक्सप्रेस निघते, पावणेदोन तासांच्या आत आग्रा कॅन्टोन्मेंटला सोडते, संध्याकाळी तीच परत आणते. तीही शुक्रवारी नसते, ताजसारखीच. मधले सात-आठ तास आपले. ताज आणि किल्ला दोन्ही आरामात होतात, मथुरा होत नाही. मथुरेला वेगळा दिवस द्यावा किंवा सोडून द्यावी. एका दिवसात तीन गावं सांगणारा माणूस तीन गावांतली दुकानं दाखवतो.

हे म्हणतात, पुढच्या मेमध्ये. सासूबाई म्हणाल्या, मे कशाला, दिवाळीनंतर थंडीत जाऊ. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या सगळ्या शुक्रवारांवर त्यांनी आत्ताच फुल्या मारून ठेवल्या आहेत.